केमो जिल्ह्यात येतेय, तर मॅग्नेशियमची तपासणीही येऊ द्या

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक घोषणा झाली. पुढच्या ३ वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे केअर केंद्रं उघडायची, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत अशी सोय आधीपासून आहे, आता ती सगळीकडे येईल. याचं स्वागतच करायला हवं. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाने दर तीन आठवड्यांनी फाइल काखेला मारून मुंबई-नागपूर गाठायचं, धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर परळच्या फुटपाथवर पथारी पसरायची, हे चित्र कुणालाच शोभणारं नव्हतं.

पण डे केअर म्हणजे काय, ते नीट पाहू. सकाळी रुग्णाला खुर्चीत बसवायचं, सलाइनमधून औषध द्यायचं, संध्याकाळी घरी पाठवायचं. औषध मूत्रपिंडावर आणि रक्तातल्या क्षारांवर जे काही करायचं ते रुग्ण घरी गेल्यावर करतं, आणि त्या वेळी त्याच्याजवळ कुणी नसतं. म्हणून या केंद्रांकडे काय मागायचं, ते मुद्द्यांत मांडतो.

१. या सगळ्यातलं मुख्य औषध सिस्प्लॅटिन. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग १९६५ च्या सुमारास जीवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जीवाणू वाढत, पण दुभंगत नसत; नुसते लांबच लांब होत जात. तपासाअंती कळलं की ही करामत विजेची नव्हतीच. विद्युताग्रातल्या प्लॅटिनमपासून तयार झालेल्या संयुगाची होती. तेच पुढे कर्करोगावर चाललं. माणसांना देऊ लागल्यावर मात्र मूत्रपिंडं इतकी बिघडू लागली की औषध गुंडाळून ठेवायची वेळ आली होती. ते वाचलं एका साध्या युक्तीने. औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाइन, जोडीला लघवी वाढवणारं मॅनिटॉल. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. म्हणजे सलाइनची बाटली हा या औषधाचाच भाग आहे. गर्दी आहे म्हणून ती घाईने संपवता येत नाही.

आज पर्यायी औषधं पुष्कळ आहेत, मग हेच कशाला, असं कुणी विचारेल. कारण ते स्वस्त आहे आणि काम करतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालेल्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनने ५ वर्षांनी १०० पैकी ४६ जणी जिवंत होत्या, आठवड्याला सिस्प्लॅटिनची जोड दिलेल्या गटात ५४. शंभरात आठ बायका. ‘मूत्रपिंडाला धोका आहे, मग राहू दे’ असं सहज म्हणणाऱ्याने हा आकडा आधी डोळ्यांखालून घालावा.

२. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्यावर विसंबू नये. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा कचरा. मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. ज्याच्या अंगावर स्नायूच नाहीत त्याचा कचराही कमी, म्हणून मूत्रपिंड अर्ध्यावर आलं तरी आकडा सोज्वळ दिसतो.

हिशेब करून पाहा. मूत्रपिंड किती गाळतं ते काढायला कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये दिलेलं सूत्र आजही वापरात आहे. १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, आणि रुग्ण स्त्री असेल तर उत्तराचे ८५ टक्के घ्यायचे. ४५ वर्षांचा, ७० किलोचा पुरुष, क्रिएटिनिन १.०. उत्तर येतं मिनिटाला ९२ मिलिलिटर. ६२ वर्षांची, ४० किलोची बाई, क्रिएटिनिन तेच १.०. उत्तर ३७. दोघांच्या कागदावर एकच आकडा, दोघांपुढेही तारांकन नाही. पण ५० ते ६० च्या खाली सिस्प्लॅटिनचा पूर्ण डोस द्यायला डॉक्टर कचरतात. या बाईला तो ‘नॉर्मल’ रिपोर्टच्या जोरावर दिला जाऊ शकतो.

कार्बोप्लॅटिन या सिस्प्लॅटिनच्या भाईबंद औषधाचं तर सगळं गणितच यावर उभं आहे. १९८९ मध्ये आलेल्या कॅल्व्हर्टच्या सूत्राप्रमाणे, रक्तात औषधाच्या ठरवलेल्या पातळीला मूत्रपिंडाच्या आकड्यात २५ मिळवून गुणलं की डोस मिळतो. पातळी ५ ठेवायची असेल तर वरच्या पुरुषाला ५८५ मिलिग्रॅम आणि त्या बाईला ३१०. जवळजवळ दुपटीचा फरक, क्रिएटिनिन एकच असताना.

काही लॅब हल्ली कागदावर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाजी आकडा, छापतात. चांगलं आहे, पण तोही आकडा १.७३ चौरस मीटर अंगाच्या माणसाला धरून काढलेला असतो. त्या पद्धतीने या बाईचा आकडा ६४ च्या आसपास निघेल आणि सगळे निर्धास्त होतील. तेव्हा मागणी अगदी साधी आहे. लॅबच्या फॉर्मवर त्या दिवशीचं वजन लिहिलेलं असावं आणि रिपोर्टवर वजनानुसार काढलेला आकडा छापलेला असावा. ‘त्या दिवशीचं’ यावर माझा जोर आहे. तोंडाच्या कर्करोगात घास गिळवत नाही, महिन्यात पाच-सात किलो सहज उतरतात. पहिल्या भेटीत लिहिलेलं वजन केमोच्या तिसऱ्या सायकलपर्यंत, म्हणजे तिसऱ्या फेरीपर्यंत, फाइलीत तसंच राहतं, आणि स्नायू झिजल्यामुळे क्रिएटिनिन उलट सुधारल्यासारखं दिसतं.

३. आता मॅग्नेशियम. शीर्षकात ते आहे, कारण या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुर्लक्षित तेच.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशींमध्ये ओढलं जातं आणि त्यांना इजा करतं. गाळलेल्या रसातून मॅग्नेशियम परत रक्तात घेणं हे या नलिकांचं एक काम. ते बिघडलं की मॅग्नेशियम लघवीतून वाहून जायला लागतं. सायकलगणिक वाढत जातं, आणि उपचार संपल्यावरही काही जणांत महिनोन्महिने चालू राहतं. क्रिएटिनिन ठीक असतानाही हे घडतं, म्हणून क्रिएटिनिन पाहून मॅग्नेशियमचा अंदाज बांधता येत नाही. मोठ्या आतड्याच्या आणि डोक्या-मानेच्या कर्करोगात दिलं जाणारं सिटक्सिमॅब वेगळ्या वाटेने हाच परिणाम करतं.

मॅग्नेशियम उतरलं की दोन गोष्टी मागोमाग येतात. पोटॅशियम उतरतं, आणि कितीही पोटॅशियम दिलं तरी चढत नाही, कारण मॅग्नेशियमशिवाय मूत्रपिंड ते धरून ठेवू शकत नाही. कॅल्शियमही उतरतं, कारण त्याची पातळी सांभाळणारा ग्रंथिरस नीट स्रवत नाही. रुग्णाला जाणवतं ते असं: हातपाय गळून जातात, पोटऱ्यांत गोळे येतात, बोटं वाकडी होऊन आखडतात, छातीत धडधडतं. घरचे म्हणतात केमोचा अशक्तपणा. गावातले डॉक्टर ‘ताकदीची’ सलाइन लावतात, तिच्यात बी-कॉम्प्लेक्स टाकतात, बाटली पिवळी झाली की रुग्णालाही बरं वाटतं. मॅग्नेशियम जिथल्या तिथे. यातल्या एखाद्याच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडतात आणि ‘कॅन्सरने गेला’ अशी नोंद होते.

उपाय शोधायला लांब जायला नको. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूतीच्या खोलीत ठेवण्याचा दंडकच आहे, गरोदर बाईला झटके आले तर देण्यासाठी. ५० टक्क्यांच्या २ मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं. सिस्प्लॅटिनच्या सलाइनमध्ये मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी जेवढं मॅग्नेशियम घालण्याची शिफारस अलीकडच्या आढाव्यांत आहे, ते भरतं एक ते दोन अँप्युल. औषध खरेदीच्या यादीत आहे, भांडारात आहे, त्याच आवारात दुसऱ्या खोलीत आहे. नाही ती फक्त तपासणी आणि ‘केमोलाही हे लागतं’ ही लेखी सूचना. नवी खरेदी न करता, निविदा न काढता जे करता येतं तेच आपल्याकडे सगळ्यात उशिरा का होतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

४. तपासणी कधी करायची, हेही ठरलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी रक्त घेतलं जातं ते पुढच्या सायकलच्या दिवशी, म्हणजे २१ दिवसांनी. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडाला झालेली इजा दिसायला लागते पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात. म्हणजे नेमके धोक्याचे दिवस कोऱ्या पानासारखे. सातव्या-आठव्या दिवशी एक तपासणी, तीही रुग्णाच्या घराजवळ, आणि आकडा केंद्रातल्या परिचारिकेच्या फोनवर. याला फार यंत्रणा लागत नाही. सरकारी तपासणी सेवेची, म्हणजे महालॅबची, गाडी आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा करतेच. त्या नमुन्यावर ‘केमो’ असा शिक्का हवा, म्हणजे तो इतर नमुन्यांच्या रांगेत पडून राहणार नाही.

५. पाण्याचा आणि शौचालयाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वैद्यकीय चर्चेत तो कधी येत नाही.

सिस्प्लॅटिन घेतल्यावर पुढचे काही दिवस दोन-तीन लिटर पाणी पोटात जायला हवं, असं प्रत्येक रुग्णाला सांगितलं जातं. आता अशी एक बाई जिल्हा रुग्णालयातून दुपारी चारला सुटली आहे. तिला एसटीने अडीच तास जायचं आहे. महिलांना तिकिटात निम्मी सवलत मार्च २०२३ पासून मिळते, आणि तिचा उपयोग या बायकांना खरोखरच होतो. पण स्थानकातल्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे, किंवा कुलूप नाही आणि आत पाणी नाही, किंवा दोन्ही ठीक आहे आणि दार लागत नाही. तिने काय करावं? तिने आयुष्यभर जे केलं तेच ती करते. पाणी पीत नाही. पहाटे निघताना पीत नाही, रुग्णालयात रांगेत पीत नाही, परतताना पीत नाही. सलाइनने मूत्रपिंड धुऊन निघावं म्हणून दिवसभर धडपड केली, आणि नंतरचे बारा तास कोरडे.

मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाने बायकांनी चळवळ केली, तेव्हा वर्तमानपत्रांत ती काहीशी गमतीने छापली गेली. त्यात गमतीचं काहीच नव्हतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात उलट्या होत असलेली, पाणी न प्यालेली, नुकतंच सिस्प्लॅटिन घेतलेली बाई खिडकीशी बसून चार तालुके ओलांडते. तिच्या मूत्रपिंडाचं जे होतं ते डॉक्टरच्या चुकीने होत नाही. बांधकाम विभाग, परिवहन महामंडळ आणि नगरपालिका यांच्या कामाचा तो हिशेब आहे. म्हणून डे केअर केंद्राच्या आराखड्यात खुर्च्यांच्या संख्येइतकंच ठळकपणे हे लिहिलेलं असावं: बायकांसाठी वेगळं, चालू, पाणी असलेलं स्वच्छतागृह, केंद्राच्या आतच, आणि जवळच्या एसटी स्थानकातलं स्वच्छतागृह चालू असल्याची खात्री करण्याची जबाबदारी एका नाव असलेल्या अधिकाऱ्यावर.

६. शहाळ्याबद्दल थोडं. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. उलट्या-जुलाबांनी मीठ गेलेल्या माणसाला नुसतं शहाळं पुरत नाही. तिथे ओआरएस लागतं, ज्यात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि २० पोटॅशियम मोजून घातलेलं असतं. मूत्रपिंड खरोखरच बिघडलं असेल आणि पोटॅशियम आधीच चढलं असेल, तर चार शहाळी घातक ठरू शकतात. कोणत्या रुग्णाला काय, हे रिपोर्ट पाहूनच ठरतं.

७. मेडिकलच्या दुकानातून मिळणाऱ्या गोळ्या. कर्करोगात दुखतं. दुखलं की डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नाहीतर नाव माहीत नसलेली ‘दुखायची गोळी’. ही औषधं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. आधी सिस्प्लॅटिन, त्यात कोरडं पडलेलं शरीर आणि वरून दिवसाला तीन डायक्लोफिनॅक, हे त्रिकूट मूत्रपिंडाला पुरून उरतं. त्यातच रुग्णाला आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू असते. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन या गोळ्या एरवी उत्तम आहेत, पण उलट्या चालू असताना त्या थांबवायच्या की नाही हे कुणीतरी सांगायला हवं. रक्तदाबाच्या खिडकीवरच्या माणसाला केमोची खबर नसते, केमोच्या खिडकीवरच्याला रक्तदाबाची.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल रुग्णाला दोष देणं सोपं आहे. त्याला मॉर्फिन मिळालं असतं तर तो डायक्लोफिनॅककडे गेला नसता. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, ती नेमकी वेदनाशामक म्हणून मॉर्फिनसारखी औषधं मिळणं सोपं व्हावं यासाठी. जिल्ह्याच्या डे केअर केंद्रात मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात का, हा प्रश्न वेदनेचा जितका, तितकाच मूत्रपिंडाचा आहे. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर मॉर्फिनचाही डोस जपून द्यावा लागतो, पण त्यासाठी पुन्हा रिपोर्टच हातात असावा लागतो.

८. सोडियम. सत्तरीतले आजोबा केमोनंतर आठवड्याने असंबद्ध बोलू लागतात, रात्रीचा दिवस करतात, माणसं ओळखत नाहीत. घरचे समजतात रोग मेंदूत गेला. कुणी अंगारा आणतं, कुणी हात टेकून घरी न्यायचं ठरवतं. अशा वेळी सोडियम ११८ निघू शकतं. सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फमाइड यांनी ते उतरतं, फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात रोगामुळेच उतरतं, आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीनेही. ते हळूहळू चढवावं लागतं. घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. पण आधी ते मोजलं गेलं पाहिजे. मेंदूचा स्कॅन जिल्ह्याच्या गावी कुठल्याही खासगी केंद्रात तासाभरात होतो, आणि सोडियमच्या रिपोर्टसाठी उद्या या म्हणतात.

९. लॅब किती लांब आहे, यावरून कुणाला कोणता उपचार मिळतो ते ठरतं. हा न्यायाचा प्रश्न आहे. टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रेडिएशनच्या जोडीला, अंगाच्या दर चौरस मीटरमागे, आठवड्याला ३० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन की तीन आठवड्यांनी १००, असा प्रश्न होता. दोन वर्षांनी रोग त्याच जागी आटोक्यात राहिलेले रुग्ण आठवड्याच्या गटात ५८.५ टक्के, तीन आठवड्यांच्या गटात ७३.१. पण मोठ्या डोसाच्या गटात तीव्र त्रासही जास्त, ८४.६ टक्के विरुद्ध ७१.६. म्हणजे चांगलं फळ देणारा डोस पेलायला अधिक देखरेख लागते. जिथे ती नाही तिथला डॉक्टर सावधपणे लहान डोस देतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पुढे जपानमधल्या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, आठवड्याला ४० मिलिग्रॅम हा मोठ्या डोसापेक्षा उणा नाही असं दिसलं. दिलासा आहेच. पण आठवड्याचा डोस म्हणजे आठवड्याची तपासणी, सहा-सात आठवडे सलग. लॅबची गरज कमी न होता वाढली.

ज्यांना सिस्प्लॅटिन देताच येत नाही अशा ३५६ रुग्णांत डोसेटॅक्सेल रेडिएशनबरोबर देऊन पाहिलं, तेही टाटामध्येच. दोन वर्षांनी जिवंत रुग्णांचं प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ वर गेलं. मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्या त्या ४० किलोच्या बाईसाठी म्हणजे वाट आहे. फक्त तिचं मूत्रपिंड कमजोर आहे हे वेळेवर कळायला हवं.

१०. काही औषधं जिल्ह्यात देऊच नयेत, आणि तशी यादी भिंतीवर लावावी. मोठ्या डोसाचं मेथोट्रेक्सेट हे ठळक उदाहरण. ते आम्लधर्मी लघवीत साखळून मूत्रपिंडाच्या नलिका बुजवतं. म्हणून सोडा बायकार्बच्या सलाइनने लघवी अल्कधर्मी ठेवावी लागते, रक्तातली औषधाची पातळी रोज मोजावी लागते, उतारा म्हणून ल्युकोव्होरिन वेळच्या वेळी द्यावं लागतं. पातळी मोजायची सोय नसेल तर हे औषध देणं म्हणजे जुगार. रक्ताच्या कर्करोगात पहिल्या डोसाबरोबर पेशी एकदम फुटतात, पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड तासातासाला चढतं. तेही दिवसभराच्या खुर्चीत करायचं काम नव्हे. हाडांसाठी दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड मात्र डे केअरमध्ये खुशाल द्यावं, प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनिन पाहून आणि किमान पंधरा मिनिटं घेऊन.

११. पैसा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने महाराष्ट्रातल्या गरीब रुग्णाला केमो परवडण्याजोगी केली, हे मान्य करायलाच हवं. पण योजनेचं पॅकेज उपचाराच्या सायकलभोवती बांधलेलं असतं, आणि रुग्ण बिघडतो तो दोन सायकलींच्या मधे. त्या मधल्या तपासणीला पॅकेजात स्वतःच्या नावाची ओळ हवी: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम. पाच नावं. दुसरीकडे, २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रं आली. ती हवीतच. पण मूत्रपिंड गेल्यावरच्या यंत्रासाठी वेगळी खोली, वेगळा तंत्रज्ञ, वेगळा फलक असतो, आणि मूत्रपिंड जाऊ नये म्हणून लागणाऱ्या तपासणीचं रसायन ‘संपलंय, बाहेरून करून आणा’. यंत्राचं उद्घाटन करता येतं, रसायनाच्या बाटलीचं करता येत नाही, यापलीकडे मला याचं कारण दिसत नाही.

१२. यावर येणारे आक्षेप. पहिला, कर्करोगतज्ज्ञांना हे सगळं ठाऊकच आहे, तुम्ही काय सांगता? ठाऊक आहे, खरंच आहे. पण जिल्ह्याच्या डे केअरमध्ये खुर्चीशेजारी तज्ज्ञ उभा नसतो. तिथे असतात थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले वैद्यकीय अधिकारी आणि दोन परिचारिका. त्यांना ज्ञानाइतकाच नियम लागतो. अमुक आकड्याखाली औषध जोडायचं नाही, अमुक आकड्यावर फोन करायचा, आणि तो कुणी उचलायचा तेही.

दुसरा आक्षेप रुग्णांकडून येतो आणि मला तो जास्त खरा वाटतो. ‘रक्त तपासलं की सायकल पुढे ढकलतात.’ रजा काढलेली, सोबत आलेल्या भावाचा रोज बुडलेला, गाडीभाडं गेलेलं, आणि दुपारी दोनला कळतं की आज केमो नाही. म्हणून काही जण मुद्दाम जुना रिपोर्ट दाखवतात. या लबाडीचं मूळ व्यवस्थेत आहे. तपासणी आदल्या दिवशी गावाजवळ झाली आणि निकाल रात्री फोनवर आला, तर कुणी कशाला जुना कागद काढील?

तिसरा, इतक्या तपासण्या करून लॅबवाल्यांचंच भलं होईल. पाच तपासण्या म्हणजे पाचच. पन्नास तपासण्यांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजचा खप आपल्या शहरांत जोरात चालतो, त्यावर हा आक्षेप जरूर घ्यावा.

१३. मागायचं कुणाकडे? मुंबई-दिल्लीला निवेदनं धाडण्याआधी आपल्या जिल्हा रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती गाठा. तिला स्थानिक निधी वापरता येतो, आणि तिच्यात लोकप्रतिनिधी असतात. जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा. डे केअर केंद्रात क्रिएटिनिनसोबत मॅग्नेशियम त्याच दिवशी होतं का? रिपोर्टवर वजनानुसार काढलेला आकडा असतो का? गेल्या तीन महिन्यांत रसायन किती दिवस संपलेलं होतं? केमोनंतर आठव्या दिवशी रुग्णाचा आकडा कोण पाहतं, त्याचं नाव आणि फोन नंबर रुग्णाच्या कार्डावर आहे का? कोणती दुखायची औषधं देऊ नयेत हे त्याच कार्डाच्या मागे मराठीत छापलं आहे का, म्हणजे मेडिकलवाल्यालाही वाचता येईल? बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते? लेखी उत्तर आलं नाही, तर हेच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जावर, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून.